अस्तरातलं तांब्याचं पान

जिनेंद्र चौगुलेला गावात कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. जिनू म्हणतात, आणि तेही शेजारच्या घरात वाटीभर साखर मागावी इतक्या सहज. थोरल्या भावाचं तसं नाही. नेमिनाथ पैलवान आला म्हटलं की पारावरची माणसं पाय आवरून बसतात. गाव सांगलीपासून फार लांब नाही, कृष्णेकाठचं, उसाचं. निम्मी घरं जैनांची आणि त्या घरांत कुस्तीचा नाद पूर्वीपासूनचा. बाहेरच्यांना वाटतं, जैन म्हणजे मुंगीला वाट देऊन चालणारा माणूस. देतोच की. नेमिनाथही देतो. पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो, चातुर्मासात कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. माणसाला तेवढं न गाळता हाणतो.

हाणायची विद्या घरातलीच. बाप आप्पासो. त्याच्याकडं बैलाचा चाबूक होता. बैलाला त्यानं तो कधी लावला नाही, मुक्या जनावराचं पाप लागतं म्हणून. पोरांना लावायचा. गाईचं दूध सांडलं, चाबूक. शाळेतनं उशीर झाला, चाबूक. काही झालं नाही, तर उगाच आठवण राहावी म्हणून चाबूक. थोरला त्या माराखाली टणक झाला आणि तालमीत गेला. धाकटा मऊ झाला आणि मामाच्या शिलाई मशीनवर जाऊन बसला. बाप थकला तसा चाबूक थोरल्याकडं आला, म्हणजे चाबूक नव्हे, त्यामागचा हात. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये म्हणतात. नेमिनाथ खणायचा. आणि जिनू खणू द्यायचा, हेही खरंच आहे. उगाच त्याची बाजू घेण्यात अर्थ नाही.

एका जत्रेच्या फडात नेमिनाथनं समोरच्याचं गळ्याचं हाड मोडलं आणि त्याच झटापटीत स्वतःचा गुडघा घालवून बसला. कुस्ती संपली, हात शिल्लक राहिले. मग कारखान्याच्या फाटकाशी ऊसवाल्या ट्रॅक्टरचा एक ड्रायव्हर आडवं बोलला, त्याची बत्तीशी त्याच्याच घशात घातली. ते प्रकरण मिटवता मिटवता घरच्यांना घाम फुटला, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की या माणसाला काहीतरी धंद्याला लावलं पाहिजे. मळ्याच्या कडेला पत्र्याची शेड ठोकली, जुन्या मशिनी आणल्या, आणि शाळेची दप्तरं, डब्याच्या पिशव्या असलं शिवणं सुरू झालं. चामड्याला हात लावायचा नाही, हा एकच नियम नेमिनाथनं भिंतीवर रंगवून घेतला. मेलेल्या जनावराचं कातडं त्याला सोसत नव्हतं. जित्या माणसाचं लोळवायला हरकत नव्हती.

बोर्डावर नाव नेमिनाथचं, शेडमधली अक्कल जिनूची. कापड पुढ्यात टाकलं की जिनू ते आधी नुसतं चाचपायचा, जनावर विकत घेताना चाचपतात तसं. मग कात्री अशी चालवायचा की चिंधी वाया जायची नाही. त्याची बायको कीर्ती आणि नेमिनाथची बायको शालन दोघी मशीनवर बसायच्या. शालनची शिलाई एवढी सरळ, की जिनू अवघड काम वैनीकडंच द्यायचा.

या शालनचा डावा कान गेलेला आहे. कसा गेला ते सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एकदा शेडमध्ये माल भरायचा होता आणि तिला घरी यायला उशीर झाला. भाकरी तव्यावर असतानाच दिवस बुडाला. दिवस बुडाल्यावर नेमिनाथ तोंडात घास घालत नाही, म्हणजे त्याला सकाळपर्यंत उपास. तो पाटावरनं उठला, ओट्यापाशी गेला आणि उलट्या हातानं तिच्या कानावर अशी ठेवून दिली की ती ओट्यावर आपटली आणि ओट्यावरनं खाली. कानातनं रक्ताची धार गळ्यापर्यंत आली. तवा तिच्या पायावर पडला तो वेगळाच. मिरजेच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, पडदा फाटलाय, या कानाची आशा सोडा.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडच्या आपल्या बिऱ्हाडातनं आलेला जिनू दारातच उभा होता. हातात पाण्याचा तांब्या होता. तो खाली ठेवून पुढं व्हायचं आणि भावाचा हात धरायचा, एवढंच काम होतं. त्याचे पाय हलले नाहीत. वैनीनं पडल्या पडल्या त्याच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. बापाच्या चाबकानं त्याची पाठ फुटली होती, पण असं काही त्याला कधी लागलं नव्हतं. त्यानं मनात एकच गोष्ट धरली, की वैनीच्या अंगावर पुन्हा हात पडू द्यायचा नाही. कसा पडू द्यायचा नाही, ते मात्र त्याला सुचलं नव्हतं.

अशात शिरवळचा यशराज शेडवर आला. शिरवळला हायवेच्या कडेला त्याचं युनिट, बॅगा परदेशी पाठवणारा माणूस, बोलणं गोड आणि नजर घारीची. विमानतळावर म्हणे मोठी रांग असते. प्रत्येकाची बॅग एका पेटीतनं जाते, पेटीत एक्स-रे, पेटीबाहेर पडदा आणि पडद्यासमोर डोळे लावून बसलेला पोलीस. बॅगेत लॅपटॉप असला की तो काढा, ट्रेमध्ये ठेवा, पलीकडं जाऊन परत भरा, तोवर मागचा माणूस पायावर पाय देतोय. परदेशातल्या एका कंपनीला अशी बॅग पाहिजे होती, की लॅपटॉप बाहेर काढायलाच नको. बॅग वहीसारखी सपाट उलगडायची. एका पानावर लॅपटॉप एकटा, दुसऱ्या पानावर बाकीचा सगळा संसार. लॅपटॉपच्या पानावर वर नाही, खाली नाही, काही म्हणजे काही असायचं नाही. चेन नको, बक्कल नको, खिसा नको, रिंग नको. पडद्यावर लॅपटॉप न्हाऊन आलेल्या पोरासारखा उघडा दिसला पाहिजे.

"जमंल?" यशराजनं विचारलं.

"माजा भाऊ हाय की," नेमिनाथ म्हणाला, आणि जिनूच्या पाठीवर अशी थाप मारली की जिनू टेबलावर वाकला.

जिनू त्या बॅगेच्या मागं लागला. जेवताना ताटाकडं लक्ष नाही, रस्त्यानं चालताना समोर बघणं नाही. बिजागरीच्या जागी शिलाई आली तर बॅग सपाट बसेना, न आली तर पान लोंबायला लागलं. शेवटी त्यानं फोमच मधे कापून घेतला, अस्तर एकसंध ठेवलं, आणि बॅग टेबलावर पडली ती पापडासारखी सपाट. नेमिनाथनं सगळ्या शेडला पेढे वाटले. जिनूला आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या हातनं पेढा मिळाला.

आता शालननं काय केलं ते ऐका. या घरात नवं काही उभं राहिलं की त्यात देव ठेवायची रीत आहे. विहीर खणली तेव्हा पाण्यात तांब्याचं यंत्र सोडलं होतं. घराच्या उंबऱ्याखाली एक आहे, शेडच्या पहिल्या खांबाखाली एक आहे. बाहुबलीच्या डोंगरावरनं आणलेलं, मंत्र कोरलेलं, पिंपळाच्या पानाच्या घाटाचं छोटंसं तांब्याचं पान. शालननं पहिल्या बॅगेचं अस्तर शिवताना असंच एक पान फोमच्या मागं सरकवलं आणि शिलाई मारून टाकली. तेही कुठं, तर लॅपटॉपच्या बाजूला. जिथं मोलाची वस्तू, तिथं देव पाहिजे, असा तिचा साधा हिशोब. धातू नको, हे तिनं ऐकलं नव्हतं असं नाही. रोज ऐकत होती. पण देवाला कुणी धातू म्हणतं का? चेन म्हणजे धातू, बक्कल म्हणजे धातू. यंत्र म्हणजे यंत्र. तिला शंकासुद्धा आली नाही, आणि आपल्यापैकी कितीजणांना आली असती, हा प्रश्नच आहे.

दोघे भाऊ टेम्पोनं शिरवळला गेले. यशराजच्या युनिटमध्ये तसलीच एक एक्स-रेची पेटी होती. बॅग उलगडून पट्ट्यावर ठेवली, ती आत गेली, आणि पडद्यावर लॅपटॉप उमटला. कडा स्वच्छ, तारा स्वच्छ. आणि ऐन पोटावर एक काळंभोर टोकदार पातं.

यशराज पुढं वाकला. मग मागं रेलून हसला. "चौगुले, बॅग शिवता का सुरी लपवता? ह्ये घेऊन माणूस विमानतळावर गेला तर आधी त्याला उघडा करतील, मग तुमाला शोधत येतील."

युनिटमधली माणसंही हसली. नेमिनाथच्या कानशिलाची शीर ताठ झाली. जिनूनं ती शीर बघितली आणि पडद्यावरचं पान बघितलं. ते पान तो ओळखत होता. वैनीच्या देव्हाऱ्यात तसली आणखी होती. अस्तर कुणी शिवलं तेही त्याला ठाऊक होतं. भावाला ते समजायला किती वेळ लागला असता? मान वळवायला लागतो तेवढा.

"मी घातलंय दादा," जिनू म्हणाला. "नमुन्याला दृष्ट लागू ने म्हनून. माजं चुकलं."

नेमिनाथनं यशराजसमोरच त्याच्या मुस्काटात मारली. जिनू पट्ट्यावर पडला. चालत्या पट्ट्यानं त्याला हातभर पुढं ओढलं, तेव्हा कुणीतरी बटण दाबलं. आता मात्र कुणी हसत नव्हतं. यशराज घाईघाईनं म्हणाला, "अवो ऑर्डर गेली न्हाई. तुमचं दशलक्षण पर्व झालं की दुसरा नमुना आणा, तोवर कंपनीला मी थोपवतो." हे शब्द नेमिनाथला ऐकू गेले, पण आत पोचले नाहीत. लोक हसले होते. पैलवानाला लोक हसले होते.

टेम्पो त्यानं गावाकडं वळवला. सातारा मागं पडला. कराडच्या अलीकडं दिवस कलायला लागला तशी त्यानं एका हॉटेलापुढं गाडी लावली. "आदी जेवू," म्हणाला. "दिस बुडंल." आणि खरंच जेवला. शांतपणे, डाळ-भात कालवून, ताटात शीत न ठेवता. जिनू समोर बसून त्याचे हात बघत होता. पुढं काय होणार हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि पळून जायचा विचार मनात आला नाही असंही नाही. पळालो तर दादाचा राग घरी कुणावर निघेल, एवढंच तो मनात परत परत घोळवत राहिला. मग तोही दोन घास जेवला.

शेडवर पोचले तेव्हा बायका घरी गेल्या होत्या. नेमिनाथनं आतनं कडी घातली आणि दिवा लावला.

"अस्तरात धातू घातलास, मला बुडवायला व्हय रं?"

"न्हाई दादा."

"धंदा माजा, नाव माजं. बोलबाला तुजा पायजे व्हय?"

आता त्यानं जे काढलं ते सगळं लहानपणापासूनचं होतं. पोटात शाबूत गुडघा घातला. जिनू वाकला तसं मानेवर कोपर दिलं. खाली पडल्यावर लाथांनी तुडवलं, कुशीत, पाठीत, जिथं लागेल तिथं. जिनूच्या तोंडातनं डाळ-भात बाहेर आला. मग नेमिनाथनं त्याची गचांडी धरून उभा केला, कटिंगच्या टेबलाशी नेला आणि रिंगा ठोकायचा हातोडा उचलला.

"ठेव हात."

जिनूनं उजवा हात टेबलावर ठेवला. स्वतःच ठेवला. बाहेरनं दार वाजायला लागलं होतं. शालन आली होती. घर शेडपासनं हाकेच्या अंतरावर, एका कानानं जेवढं ऐकू आलं तेवढ्यावरनं धावत आली होती. "आवं दार उगडा, आवं ऐका माजं, मी सांगते," असं ती ओरडत होती. पुढचं वाक्य बाहेर पडलं असतं तर संपलंच होतं.

"वैनी, घरला जावा," जिनू ओरडला. इतक्या मोठ्यानं तो जन्मात ओरडला नव्हता. "तुमी यात पडू नका."

हातोडा पडला. बोटांवर, मग बोटांच्या मुळावर, मग हाताच्या पाठीवर. हाडं मोडल्याचा आवाज वाळलेला ऊस मोडल्यासारखा आला. दुसऱ्या फटक्यानंतर जिनूचं ओरडणं थांबलं, कारण शुद्ध गेली. तरीही एक पडला. मग नेमिनाथनं हातोडा जागेवर ठेवला, कडी काढली आणि दारातल्या बायकोला ओलांडून घरी जाऊन झोपला.

मिरजेत हात प्लॅस्टरमध्ये घातला. डॉक्टरनं विचारलं, काय झालं? हातोडा चुकून पडला, जिनू म्हणाला. इतक्यांदा चुकून? डॉक्टरनं वर बघितलं आणि पुढं विचारलं नाही. कीर्तीनं पोलिसांत जायचं काढलं, तर भाऊबंदांनी तिलाच समजावलं की घरचं भांडण चव्हाट्यावर नेऊ नये. भाऊबंदांना समजावायला नेहमी सोपं माणूस सापडतं.

शालन एकटी भेटायला आली. खाटेच्या कडेला बसली, उजवा कान त्याच्याकडं करून.

"का खोटं बोललासा भावजी? ते पान माजं हुतं."

"मला ठावं हाय."

"मी आज सांगनार. मला ह्ये सोसवंना."

"एक कान ऱ्हायलाय तुमचा वैनी," जिनू म्हणाला. "तेवढा ऱ्हाऊ द्या. माजा हात मोडून झालाय, आता सांगून काय त्यो जुळत न्हाई."

ती रडली. त्यानं तिच्याकडनं गप्प राहायचं वचन घेतलं, आणि तिनं नाइलाजानं दिलं.

दुसरा नमुना तिनंच केला. जिनू स्टुलावर बसून तोंडानं सांगायचा, ती कापायची, तीच शिवायची. या वेळी अस्तरात फोमशिवाय काही नव्हतं. दशलक्षण पर्व, म्हणजे भाद्रपदातले जैनांचे उपास-पूजेचे दहा दिवस, सुरू असतानाच यशराजचा माणूस येऊन नमुना घेऊन गेला, आणि पर्व संपता संपता फोन आला की पडद्यावर लॅपटॉप आरशासारखा दिसला, कंपनी खूश आहे, माल तयार करा. नेमिनाथ गावभर हसत हिंडला. नमुना कुणी केला, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याला कुणी विचारलंही नाही.

पर्वानंतर येतो क्षमावाणीचा दिवस. वर्षभरात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणावर हात उचलला असेल, कळत नकळत जिवाला पीडा दिली असेल, त्याची त्या दिवशी एकमेकांना क्षमा मागायची. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, सगळं गाव जमतं. पूजा झाली की अंगणात मानस्तंभापाशी, म्हणजे देवळापुढच्या उंच दगडी खांबापाशी, माणसं एकमेकांपुढं हात जोडतात आणि "उत्तम क्षमा" म्हणतात. भांडलेल्या जावा बोलायला लागतात, बांधावरनं कोर्टात गेलेले शेतकरी गळ्यात पडतात. खरंच छान दिवस असतो तो. खोटेपणा नसतो असं नाही, पण बराचसा खरा असतो.

नेमिनाथ पांढऱ्याशुभ्र धोतरात उभा होता. जिनू गळ्यात हात अडकवून कडेला होता, शेजारी कीर्ती, पलीकडं बायकांत शालन. जिनूला वाटलं, दादा येईल, हात जोडेल, आपण मान हलवू, संपेल. तेवढं त्याला पुरलं असतं. नेमिनाथ आलाही. पण चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माज्या भावानं माजा धंदा बुडवायला बगितला. मालात लोखंड घातलं. सगळ्यांम्होरं सांगतो, मी त्याला क्षमा केली. शेवटी रक्ताचा हाय."

अंगणात वाहवा झाली. पैलवानाचं मन किती मोठं, असं एक म्हातारं म्हणालंसुद्धा. जिनूनं खाली बघितलं. गिळायची सवय होती, हेही गिळत होता.

तेवढ्यात शालन बायकांतनं पुढं आली.

"लोखंड न्हवतं," ती म्हणाली. "तांब्याचं यंत्र हुतं, आनि ते मी घातलं हुतं. भावजींनी नाव आपल्यावर घेतलं, मला मार बसू ने म्हनून. दुसरी बॅग बी मीच केली. क्षमा मागायची तर त्यांची मागा."

तिचा आवाज चढला नव्हता. तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचला. नेमिनाथ तिच्याकडं बघतच राहिला. मग गर्दीत कुणीतरी तोंडावर पदर धरून हसलं. कोण हसलं ते अजून कुणी सांगत नाही. नेमिनाथनं शालनचे केस मुठीत धरले, तिला अर्धी वर उचलली आणि मानस्तंभाच्या दगडी कट्ट्यावर तिचं डोकं आपटलं. रक्त कट्ट्यावरनं ओघळलं. सगळी माणसं हात जोडलेल्या अवस्थेत उभी होती, आणि एकाचेही हात सुटले नाहीत. त्यानं केस न सोडता पुन्हा उचललं. आता उजवी बाजू दगडाकडं होती, तिचा चांगला कान.

जिनू पुढं झाला. गळ्यातली झोळी त्यानं कधी काढली ते त्याला आठवत नाही. प्लॅस्टरचा हात खांद्यामागं नेला आणि सगळ्या अंगाच्या जोरानं भावाच्या जबड्यावर घातला. नेमिनाथची मूठ सुटली. शालन खाली घसरली, कीर्तीनं तिला ओढून घेतलं. नेमिनाथ डगमगत उभा होता, तोंड वाकडं झालेलं, डोळ्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. जिनूनं दुसरा हाणला, तोही जबड्यावरच. प्लॅस्टर तडकलं आणि आतली हाडं पुन्हा सरकली. त्या कळेनं माणूस कोसळला असता. जिनूनं तिसरा हाणला. तेव्हा पैलवान गुडघ्यावर आला आणि तोंडावर पडला, दात दगडावर सांडले.

मग सगळ्यांना हातपाय फुटले. जिनूला चौघांनी धरलं, एरवी ज्याला एका पोरानं ढकललं असतं त्याला. वडीलधारे पुढं आले. "जिनू, आज काय दिस हाय? देवाच्या दारात भावाला मारलंस. हात जोड आनि क्षमा माग."

"आत्ता न्हाई," जिनू धापा टाकत म्हणाला. "आत्ता मागितली तर खोटी हुईल."

जिनूचा हात मिरजेत या वेळी चिरावा लागला. मूठ आता मिटणार नाही, कात्री धरता येणार नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. शालनच्या डोक्याला टाके पडले. कान वाचला. ती माघारी नवऱ्याच्या घरात गेलीच नाही, कीर्तीकडं राहिली आणि तिथनंच शेडवर जाऊन यशराजच्या मालाला लागली. टेबलावर ती कापते, स्टुलावर जिनू बसतो. नेमिनाथ तारेनं जबडा बांधून त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर पडून होता. भाऊबंद त्याच्याभोवती बसायचे आणि जिनूला लाखोली वाहायचे.

जिनूला झोप येत नव्हती. कीर्तीला वाटलं हात दुखतो. हात दुखतच होता. "पस्तावा हुतोय व्हय?" तिनं एकदा विचारलं. तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "त्याला हाणताना मला लय बरं वाटलं ग. दादाला सुद्दा असंच बरं वाटत असंल, आमाला हाणताना." हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जी भीती होती, ती हातोडा पडतानाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो जिना चढून वर गेला. भाऊबंद उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, हा पुन्हा मारायला आला. जिनू खाटेच्या पायथ्याशी थांबला आणि डावा हात त्या प्लॅस्टरला टेकवून, जमेल तसा नमस्कार केला.

"दादा, मी तीन फटकं हाणलं," तो म्हणाला. "पैला बसला आनि वैनी सुटली. काम तितंच झालं हुतं. नंतरचं दोन माजं हुतं, लहानपनापास्नं साठलेलं. त्या दोनाची मी तुज्याकडं क्षमा मागतो. उत्तम क्षमा."

नेमिनाथला बोलता येत नव्हतं. तारेमागनं तो नुसता श्वास घेत होता.

"पैल्याची मागत न्हाई," जिनू म्हणाला. "वैनीवर परत हात उचललास तर त्यो परत बसंल. ह्यो हात गेलाय, दुसरा हाय."

नेमिनाथनं डोळे मिटले, उघडले, आणि मग हळूहळू मान हलवली. क्षमा केली म्हणून हलवली की भ्याला म्हणून, ते भाऊबंदांना कळलं नाही आणि जिनूनंही विचारलं नाही. तो जिना उतरून खाली आला, कारण शेडवर शालन नव्या मालाचं कापड पसरून त्याची वाट बघत होती.